बोअरच्या भिंतीवरची खूण

तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात बोअर मारताना तुम्ही कधीतरी पाहिले असेल. मोठी गाडी येते, कॉम्प्रेसरची घरघर सुरू होते, लोखंडी दांड्या एकामागून एक जमिनीत उतरतात आणि छिद्रातून राखाडी पिठासारखा दगडाचा भुगा बाहेर उडतो. सगळ्यांचे लक्ष एकाच गोष्टीकडे असते, पाणी लागते की नाही. पाणी लागले की लोक आनंदाने घरी जातात. त्या छिद्राच्या भिंतीकडे कोणी पाहत नाही. पाहण्यासारखे तेथे फारसे काही नसतेही. दोनतीनशे फूट खोलीवर कठीण दगडातले छिद्र जसे गोल पाडावे तसेच गोल राहते.

पण हेच छिद्र दोन-तीन किलोमीटर खोल नेले तर? तेथे पुष्कळदा ते गोल राहत नाही. भिंतीवरून दगडाचे पातळ ढलपे सुटून पडू लागतात. गंमत अशी, की ते चारही बाजूंनी सुटत नाहीत. समोरासमोरच्या दोनच बाजूंनी सुटतात. जुन्या घराच्या भिंतीत दिवा ठेवायला कोनाडे असत, तसे दोन कोनाडे एकमेकांकडे तोंड करून तयार होतात. खोदकाम करणाऱ्यांना ही पडझड म्हणजे डोकेदुखी. ढलपे खाली पडतात, दांड्या अडकतात, काम थांबते. भूशास्त्रज्ञाला मात्र हेच कोनाडे हवे असतात. जमिनीखालचा खडक कोणत्या दिशेने आणि किती जोराने दाबला जात आहे, हे त्यांवरून कळते.

आधी हा दाब येतो कोठून ते पाहू. खडकाचे वजन पाण्याच्या सुमारे पावणेतीन पट असते. म्हणून जमिनीत एक किलोमीटर खाली गेले की वरच्या खडकाच्या वजनामुळे पडणारा दाब सुमारे २६ ते २७ मेगापास्कल होतो. मेगापास्कल हा शब्द अवघड वाटला तर असे समजा : एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे दहा किलोग्रॅम वजन. तीन किलोमीटर खोलीवर हा दाब सुमारे ८० मेगापास्कल असतो. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर आठ क्विंटलांचा भार! धान्याची शंभर किलोंची आठ पोती एका नखावर रचल्यासारखे झाले.

हा झाला वरून येणारा दाब. त्याचा हिशेब सोपा आहे, कारण खोली आणि खडकाची घनता माहीत असली की पुरे. खरी अडचण बाजूंनी येणाऱ्या दाबाची आहे. पृथ्वीचे कवच एकसंध नाही. ते अनेक मोठ्या तुकड्यांचे बनलेले आहे आणि हे तुकडे एकमेकांना रेटत असतात. आपला भारतीय तुकडा दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि आशियाच्या तुकड्यावर आदळत राहतो. हिमालय त्यातूनच उभा राहिला. ही रेटारेटी दूरवरच्या खडकांनाही जाणवते. त्यामुळे जमिनीखालच्या खडकावर एका आडव्या दिशेने जास्त दाब असतो आणि तिच्याशी काटकोनात असलेल्या दिशेने कमी. शास्त्रज्ञ या अंतर्गत दाबाला प्रतिबल म्हणतात. आपण या पाठात त्याला साधेपणाने दाबच म्हणू.

मग हा दाब सरळ मोजत का नाहीत? एखादे यंत्र खाली सोडले आणि आकडा वाचला, असे का होत नाही? कारण खडकात यंत्र ठेवायचे तर आधी तेथे जागा करावी लागते आणि जागा केली की त्या ठिकाणचा दाब पूर्वीचा राहत नाही. लोकलच्या भरलेल्या डब्यात गर्दी किती दाटली आहे हे बघायला मधली चार माणसे उतरवली, तर तेवढ्या जागेतली गर्दी गेलीच म्हणायची! खडकाचेही तसेच होते. छिद्राच्या जागेवरचा दगड भुगा होऊन बाहेर येतो, आणि जो भार तो पेलत होता, तो आता शेजारच्या खडकाला पेलावा लागतो. म्हणून दाब सरळ मोजता येत नाही, त्याचा अंदाज करावा लागतो. अंदाज हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. तो मराठीत फारसीतून आला. पण शास्त्रातला अंदाज म्हणजे मनाला येईल ते सांगणे नव्हे. त्याला मोजमापाचा आणि नियमाचा आधार असावा लागतो.

तो नियम समजण्यासाठी पुन्हा स्टेशनावर जाऊ. सकाळच्या वेळी मुंबईच्या एखाद्या फलाटावर माणसांचा लोंढा दक्षिणेकडून उत्तरेकडे चालला आहे. वाटेत एक जाड गोल खांब आहे. खांबाच्या अगदी समोर आणि अगदी मागे थोडी मोकळी जागा राहते. पण खांबाच्या उजव्या आणि डाव्या बाजूला, म्हणजे पूर्वेला आणि पश्चिमेला, माणसे दाटीवाटीने पुढे सरकतात. खांबाच्या जागेतून जाता येत नाही, म्हणून त्या जागेतली गर्दीही बाजूंवर लोटली जाते.

खडकातल्या छिद्राभोवती दाबाचेही असेच होते. मोठा दाब उत्तर-दक्षिण असेल तर तो छिद्राच्या पोकळीतून पुढे जाऊ शकत नाही, कारण पोकळी काही पेलत नाही. तो छिद्राला वळसा घालतो आणि पूर्वेच्या व पश्चिमेच्या भिंतीत दाटतो. उत्तरेची आणि दक्षिणेची भिंत त्या मानाने सुटसुटीत राहते.

किती दाटतो, याचे गणित १८९८ मध्ये जर्मनीच्या कीर्श नावाच्या अभियंत्याने मांडले. त्याच्या डोळ्यांपुढे भोक पाडलेली पत्र्याची पट्टी होती, पृथ्वीचे पोट नव्हते. परंतु गोल भोक पट्टीत असो की पाताळात, नियम तोच. तो नियम असा : जास्तीत जास्त दाटी झालेल्या ठिकाणचा दाब म्हणजे मोठ्या दाबाची तिप्पट वजा लहान दाब. कमीत कमी दाटीच्या ठिकाणचा दाब म्हणजे लहान दाबाची तिप्पट वजा मोठा दाब.

वहीत एक उदाहरण करून पाहा. समजा, दोन किलोमीटर खोलीवर मोठा आडवा दाब ६० मेगापास्कल आहे आणि लहान आडवा दाब ४०. मग दाटीच्या भिंतीत १८० वजा ४०, म्हणजे १४० मेगापास्कल दाब येईल. सुटसुटीत भिंतीत १२० वजा ६०, म्हणजे ६० मेगापास्कल. छिद्रात नेहमी पाणी किंवा चिखलाचे पातळ मिश्रण भरलेले असते. दोन किलोमीटर उंचीचा तो स्तंभ भिंतीला आतून सुमारे २० मेगापास्कलने बाहेर रेटतो, त्यामुळे दोन्ही आकडे तेवढ्याने कमी होतात. उरले १२० आणि ४०. एकाच छिद्राच्या दोन भिंती, आणि एकीवर दुसरीच्या तिप्पट भार! खडकाची ताकद या दोन आकड्यांच्या मध्ये कोठे तरी असली, तर एक भिंत फुटते आणि दुसरी शाबूत राहते.

आता दोन्ही आडवे दाब सारखेच, ५०-५०, असते तर? हिशेब करा. सगळीकडे १००च येईल. म्हणजे भिंतीला फुटायला कोणतीच खास जागा राहत नाही. कोनाडे तयार झाले याचा अर्थच असा, की दोन दिशांचे दाब सारखे नाहीत.

येथे एका गोष्टीकडे लक्ष द्या. प्लॅस्टिकची बांगडी दोन बोटांत दाबली तर ती लांबट होते. छिद्रही लांबट होते, पण बांगडीसारखे वाकून नव्हे. खडक वाकायला तयार नसतो. तो तुटतो. दाटीच्या भिंतीवरचे पापुद्रे एकामागून एक सुटतात, म्हणून छिद्र त्या दिशेने लांब होते. त्यामुळे वाचनाचा नियम पक्का लक्षात ठेवावा लागतो. कोनाडे पूर्व-पश्चिम असतील तर मोठा दाब उत्तर-दक्षिण. कोनाडे ज्या दिशेला, मोठा दाब तिच्याशी काटकोनात. पहिल्यांदा ऐकणारे बहुतेक जण याच्या उलट समजतात.

ही खूण लोकांच्या लक्षात आली ती कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात. तेथे तेलासाठी खोल छिद्रे घेतली जात होती. खडकांचे थर कोणत्या बाजूला कलले आहेत हे पाहण्यासाठी छिद्रात चार हातांचे एक यंत्र तारेने सोडत. त्याचे चारही हात स्प्रिंगने भिंतीला टेकलेले असतात. यंत्र वर ओढताना तारेच्या पिळामुळे ते सावकाश स्वतःभोवती फिरत येते. पण काही खोल्यांवर ते फिरायचेच थांबे. दोन हात पुष्कळ लांब पसरत आणि उरलेले दोन छिद्राच्या मूळ रुंदीएवढेच राहत. काय झाले होते? दोन हात कोनाड्यांत अडकले होते. यंत्र वर येत राही, पण कोनाडे संपेपर्यंत फिरू शकत नसे.

१९७० च्या सुमारास हे नोंदले गेले. निरनिराळ्या विहिरींतील लांबट छिद्रे एकाच दिशेने, वायव्य-आग्नेय, लांबट होती. खडक जुना असो की नवा, थर आडवे असोत की कललेले, दिशा तीच. खडकातल्या जुन्या भेगांमुळे असे होत असेल, असे काहींना वाटले. पुढे १९७९ मध्ये बेल आणि गॉफ या शास्त्रज्ञांनी सांगितले, की हे भेगांचे काम नाही, दाबाचे आहे. कोनाडे वायव्य-आग्नेय आहेत, म्हणजे मोठा दाब ईशान्य-नैर्ऋत्य असला पाहिजे. त्या भागात रॉकी पर्वताची रांग वायव्य-आग्नेय पसरली आहे. म्हणजे दाब पर्वतरांगेला जवळजवळ काटकोनात होता! तेलवाल्यांच्या कपाटांत वर्षानुवर्षे पडून असलेल्या कागदांना यामुळे एकदम मोल आले. १९८६ पासून जगभरच्या अशा नोंदी गोळा करून पृथ्वीच्या कवचातील दाबाचा नकाशा तयार करण्याचे काम सुरू झाले. छिद्रांतले कोनाडे हा त्या नकाशाचा एक मोठा आधार आहे.

मात्र प्रत्येक लांबट छिद्र ही दाबाची खूण नसते. खडक मऊ असला की पाण्याच्या धारेने भिंत चारही बाजूंनी झिजते. छिद्र तिरपे गेले असेल तर फिरणाऱ्या दांड्या एकाच बाजूला घासत राहतात आणि तेथे खोबण पडते. विहिरीच्या काठाला दोर घासून जशी खाच पडते, तशीच ही. ती एका बाजूला असते, समोरासमोर नसते. म्हणून जाणकार माणूस आधी हे दोन प्रकार बाजूला काढतो. एक जोडी मूळ रुंदीची आणि दुसरी मोठी, कोनाडे दोन आणि समोरासमोर, आणि तीच दिशा बऱ्याच खोलीपर्यंत टिकलेली, एवढे जमले तरच तो विश्वास ठेवतो.

आता चार हातांच्या यंत्रापेक्षा चांगली साधने आली आहेत. एका साधनात आवाजाचे सूक्ष्म ठोके सोडणारा एक भाग गरगर फिरत राहतो. ठोका भिंतीवर आपटून परत यायला किती वेळ लागला आणि किती जोराने परत आला, हे तो नोंदतो. दुसऱ्या साधनात भिंतीला टेकलेल्या पट्ट्यांतून वीज सोडून भिंतीचे चित्र काढतात. तुपाच्या डब्यावरचा कागद उलगडून टेबलावर पसरावा, तशी छिद्राची गोल भिंत उलगडून सपाट चित्रात दिसते. त्यात डावीकडून उजवीकडे उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि पुन्हा उत्तर. कोनाडे असतील तर दोन काळपट पट्टे उभे दिसतात, एकमेकांपासून बरोबर अर्ध्या फेरीच्या अंतरावर. एखादी तिरपी जुनी भेग असेल तर ती या उलगडलेल्या कागदावर लाटेसारखी वळणदार दिसते. वर्तमानपत्राची सुरळी करून ती तिरपी कापा आणि मग उलगडा, म्हणजे ही लाट घरच्या घरी पाहता येईल.

या चित्रात कधी कधी आणखी एक खूण सापडते. दोन बारीक उभ्या भेगा, केसासारख्या. त्या कोनाड्यांपासून पाव फेरी दूर असतात, म्हणजे सुटसुटीत भिंतीत. त्या कशा पडतात? आपल्या नियमाने हिशेब करू. समजा, मोठा दाब ७० आणि लहान दाब २८. लहानाची तिप्पट ८४, त्यातून ७० गेले, उरले १४. छिद्रातले पाणी आतून २० ने रेटते, म्हणजे उत्तर आले वजा ६. दाब वजा झाला, म्हणजे भिंत आता दाबली जात नाही, ओढली जात आहे! आणि ओढणे दगडाला सहन होत नाही. दाब तो पुष्कळ घेईल, पण ताण त्याच्या नशिबात नाही. तो चिरतो. शिवाय खोलवरची भिंत तापलेली असते आणि वरून येणारे मिश्रण गार असते. गरम काचेच्या पेल्यात गार पाणी ओतल्यावर जे होते, त्याचाही यात हात असतो. या भेगांची दिशा हीच मोठ्या दाबाची दिशा असते. एकाच छिद्रात कोनाडे आणि केसभेगा दोन्ही मिळाल्या आणि त्यांच्यात काटकोन निघाला, की शंकेला जागा राहत नाही. एकमेकांना न भेटलेल्या दोन साक्षीदारांनी एकच हकिकत सांगावी, तसे ते होते.

आतापर्यंत दिशा कळली. दाब किती, हा प्रश्न अवघड आहे. वरून येणारा दाब खडकाच्या वजनावरून निघतो. लहान आडव्या दाबासाठी वेगळी युक्ती आहे. छिद्राचा थोडा भाग वरून आणि खालून रबरी फुग्यांनी बंद करतात आणि मधल्या जागेत पंपाने पाणी दाबतात. भिंत चिरते. मग पंप बंद करून, ती चीर किती दाबाला पुन्हा मिटते हे पाहतात. चिरेला मिटवणारा दाब हाच लहान आडवा दाब. उरला मोठा आडवा दाब. तो कोणत्याही यंत्राने सरळ हाती लागत नाही. तेथे कोनाड्याची रुंदी कामी येते.

कोनाड्याच्या मधोमध दाटी सर्वांत जास्त असते आणि कडेकडे कमी होत जाते. आत खडक हरला, बाहेर खडक जिंकला. म्हणजे बरोबर कडेवर दाब आणि खडकाची ताकद यांची बरोबरी झालेली असते. खडकाची ताकद आपण प्रयोगशाळेत मोजू शकतो. छिद्रातून काढलेला दगडाचा गोल तुकडा यंत्रात ठेवून तो फुटेपर्यंत दाबायचा. मग कीर्शचा नियम उलटा चालवून दाब काढायचा. कोनाडा जितका रुंद, तितका मोठा दाब जास्त.

कोनाड्याची रुंदी ६० अंश असली तर हा हिशेब फारच सोपा होतो. तेव्हा कडेवरचा दाब मोठ्या आडव्या दाबाच्या बरोबर दुप्पट येतो आणि लहान दाब हिशेबातून निघूनच जातो. समजा, खडकाची ताकद १०० मेगापास्कल आहे. छिद्रातले पाणी २० आणि खडकाच्या छिद्रांतले पाणी २०, असे ४० मेगापास्कल पाण्याने पेलले आहेत. ते ताकदीत मिळवा, झाले १४०. त्याचे निम्मे ७०. मोठा आडवा दाब ७० मेगापास्कल! नववी-दहावीच्या गणितात याहून कठीण उदाहरणे असतात.

अर्थात, खडकाची ताकद ठरवण्यात थोडी चूक झाली की उत्तरही चुकते. टेबलावर ठेवलेला तुकडा आणि चारही बाजूंनी दाबलेला खोलवरचा खडक सारख्याच जोराला फुटतील असे नाही. म्हणून या पद्धतीने दिशा भरवशाची मिळते, आकडा मात्र ‘अमुकपासून तमुकपर्यंत’ असाच सांगावा लागतो. एक गोष्ट मदतीला आहे. कोनाडा पुढे खोल होत जातो, पण रुंद फारसा होत नाही. त्यामुळे काही दिवसांनी मोजले तरी पहिली रुंदी वाचता येते.

एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे.

सातारा जिल्ह्यात कोयना नदीवर १०३ मीटर उंचीचे धरण आहे. १९६२ पासून त्याच्या मागे शिवाजीसागर तलाव भरू लागला. पाणी साठू लागले तसे परिसरात लहान लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचारच्या सुमारास, लोक झोपेत असताना, ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगरातील घरे कोसळली. दोनशेच्या आसपास माणसे मरण पावली. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. (शास्त्रीय ग्रंथांत या भूकंपाची तारीख १० डिसेंबर दिसते, कारण तेथे ग्रीनिचची वेळ धरतात. गोंधळून जाऊ नका.) तलावाच्या पाण्याशी संबंध असलेला जगातील सर्वांत मोठा भूकंप म्हणून त्याचा उल्लेख होतो. दक्षिणेला वारणा धरण झाल्यावर भूकंपांचे क्षेत्र तिकडेही पसरले. सुमारे ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद अशा छोट्याशा पट्ट्यात हे धक्के होत आले आहेत.

पाण्याने भूकंप कसा होईल, असा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. आता तुम्हांला आकडे माहीत आहेत, तुम्हीच तोलून पाहा. शंभर मीटर पाण्याचा दाब सुमारे एक मेगापास्कल. तीन किलोमीटर खाली खडकाच्या वजनाचा दाब सुमारे ८०. ऐंशीपुढे एकाची काय मातब्बरी? एकट्या पाण्याच्या जोरावर तो खडक मुळीच फुटणार नाही. तो आधीच फुटायच्या बेतात असला पाहिजे, तरच एवढे निमित्त पुरते. भरलेल्या बैलगाडीवर शेवटची पेंढी टाकावी आणि आस मोडावा, तसा प्रकार. तेव्हा खरा प्रश्न असा : कोयनेखालचा खडक किती ताणलेला आहे आणि कोणत्या दिशेने?

त्यासाठी खाली जाणे भाग होते. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराड येथे एक प्रयोगशाळा उभारली आणि कोयना-वारणा परिसरात छिद्रे घ्यायला सुरुवात केली. गोठणे येथे डिसेंबर २०१६ मध्ये खोल छिद्राचे काम सुरू झाले आणि जून २०१७ मध्ये ते ३०१४ मीटरवर पोहोचले. आपण सह्याद्रीत जो काळा दगड पाहतो, तो बेसाल्ट तेथे १२४७ मीटर जाड निघाला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे ते एकावर एक थर. त्याखाली वाळूचा किंवा चिकणमातीचा थर असेल असे काहींना वाटत होते, पण तसे काही नव्हते. बेसाल्ट संपला की एकदम ग्रॅनाइट आणि त्याच्या जातीचा खडक लागला. तो अडीच अब्ज वर्षांहून जुना आहे.

या छिद्राच्या भिंतीची चित्रे काढली गेली, आणि त्यांत आपल्या ओळखीच्या दोन्ही खुणा मिळाल्या. समोरासमोरचे कोनाडे आणि केसासारख्या उभ्या भेगा. २०२० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. खुणांवरून मोठ्या आडव्या दाबाची दिशा ढोबळमानाने उत्तर-दक्षिण निघाली. भारतीय तुकडा उत्तरेकडे सरकत हिमालयाला रेटतो आहे, याच्याशी ती जुळते. कोयनेतील मुख्य भंगरेषा, म्हणजे ज्या फटीवर खडक सरकतो ती, उत्तर-ईशान्येकडून दक्षिण-नैर्ऋत्येकडे जाते. दाब भंगरेषेला अगदी काटकोनात असता तर त्याने ती घट्ट मिटवून धरली असती. तो तिरका पडतो, म्हणून खडक फटीवरून आडवा सरकू शकतो. त्या भागात काही भूकंपांमध्ये खडक असा आडवा सरकतो आणि काहींमध्ये एक बाजू खाली घसरते. दोन्ही प्रकार शेजारी शेजारी घडतात, कारण तेथे वरून येणारा दाब आणि मोठा आडवा दाब यांत फार फरक नाही. थोडे इकडे तिकडे झाले की एक प्रकार जाऊन दुसरा येतो.

खडक फुटायच्या बेतात असतो, हे दुसरीकडेही दिसले आहे. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात १९९० ते १९९४ या काळात ९१०१ मीटर खोल छिद्र घेतले गेले. तळाशी उष्णता सुमारे २६५ अंश सेल्सिअस होती. तेथेही कोनाड्यांवरून आणि भेगांवरून दाबाचा अंदाज काढला. नंतर तळाशी सुमारे २०० घनमीटर खारे पाणी दाबले, म्हणजे वीसेक टँकर. तेवढ्याने काही शेकडा सूक्ष्म धक्के नोंदले गेले. माणसाला जाणवण्याइतका मोठा एकही नव्हता, पण बव्हेरियाचा तो भाग भूकंपाबद्दल मुळीच प्रसिद्ध नाही, हे लक्षात घ्या.

कोनाड्यांचा उपयोग भूकंपाच्या अभ्यासापुरता नाही. तेलाची विहीर घेताना मिश्रण किती जड ठेवायचे हे त्यांवरून ठरते. हलके ठेवले तर भिंत ढासळते, फार जड ठेवले तर भिंत चिरून मिश्रण खडकात निघून जाते. डोंगरातला बोगदा कोणत्या दिशेने न्यावा हे ठरवतानाही दाबाची दिशा उपयोगी पडते, कारण बोगदा हे आडवे पडलेले मोठे छिद्रच आहे. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरांहून खोल गेल्या होत्या. तेथे खाणीच्या भिंतीचा दगड अचानक स्फोटासारखा फुटत असे आणि त्यात कामगारांचे जीव जात. दाटीचा नियम तोच, फक्त छिद्राच्या जागी माणसे काम करत असलेली पोकळी.

कोयनेकडे परत येऊ. गोठण्याचे छिद्र तीन किलोमीटर खोल असले, तरी तिथल्या बऱ्याच भूकंपांची केंद्रे त्याहून खाली आहेत. त्यामुळे वरच्या तीन किलोमीटरांत वाचलेली दिशा आणि आकडे घेऊन शास्त्रज्ञांना खालचा हिशेब कागदावर पुढे न्यावा लागतो. त्या खोलीवर काय आहे हे सांगायला भूकंपाच्या लहरी आहेत आणि वरच्या भिंतीवरचे कोनाडे. हे पहिले छिद्र म्हणूनच पूर्वतयारीचे मानले गेले. त्यातून काढलेले दगडाचे गोल तुकडे जपून ठेवलेले आहेत. प्रत्येकावर खोली लिहिलेली असते, म्हणजे कोणता दगड कोणत्या कोनाड्याशेजारचा होता आणि तो किती जोराला फुटला, हे पुन्हा पडताळून पाहता येते.